आम्ही सोलापूर पाहून आलो

गेल्या वर्षी पौष महिन्यात मी कांदा घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत गेलो होतो. हैदराबाद रस्त्यावरचे ते आवार आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे एकेका दिवशी कांद्याच्या शेकडो गाड्या उतरतात आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. लिलाव झाला, तोल झाला. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन पट्टी हातात पडली. पट्टी खिशात घालून मी चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. समोर माझाच कांदा एका मोठ्या ट्रकात चढत होता. ट्रकचा ड्रायव्हर तमिळ मुलुखातला होता. मोडकीतोडकी हिंदी त्यालाही येत होती आणि मलाही.

"हा माल कुठे जायचा?" मी विचारले.

"थोडा बेंगळुरूला उतरेल. बाकीचा चेन्नईला."

मग त्याने मला विचारले, "तुम्ही पाहिलंय चेन्नई?"

मी मान हलवली. "बेंगळुरू?" नाही. "मुंबई तरी?" तीही नाही. तो हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. चहाचा पेला खाली ठेवत तो म्हणाला, "मग तुमचा कांदाच तुमच्यापेक्षा जास्त फिरतो."

एस.टी.त बसून गावाकडे येताना मी मनाशी हिशोब करू लागलो. माझे वय सदुसष्ट. मुंबई पाहिली नाही. दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांची नावे रेडिओवर आणि टी.व्ही.वर रोज ऐकली, पण पाहिले त्यातले एकही नाही. पुणे दोनदा पाहिले असे म्हणता येईल, पण दोन्ही वेळा आळंदीला जाताना एस.टी.च्या खिडकीतून. माझी बाजरी, तूर, कांदा आणि एके काळी लावलेली द्राक्षे देशभर फिरून आली. त्यांचा भाव ज्या शहरांत ठरतो, ती शहरे मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत.

आणि हे माझ्या एकट्याचे नाही. दुसऱ्या दिवशी पारावर बसल्या बसल्या मी सहज विचारले, तेव्हा सातजणांपैकी दोघांनीच मुंबई पाहिलेली निघाली. त्यातला एक मंत्रालयात अर्ज घेऊन गेला होता आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतला होता. दुसरा मुलीच्या ऑपरेशनसाठी गेला होता. अकरा दिवस तो इस्पितळाच्या जिन्याखाली निजला. "समुद्र बघितला का?" असे विचारले तर म्हणाला, "नाही. पण वास यायचा."

आपल्या वाडवडिलांनी प्रवास केला नाही असे कसे म्हणावे? ते भरपूर चालले. पंढरपूर तर घरचेच. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, शिखर शिंगणापूर या सगळ्या वाटा त्यांना पाठ होत्या. बैल घ्यायचा तर सांगोल्याचा बाजार. कज्जा निघाला तर सोलापूरचे कोर्ट. कोणी पुण्यवान म्हातारा काशीला जाऊन आला, तर तो गंगेबद्दल तासन्‌तास सांगे. पण काशी हे केवढे शहर आहे, तेथे माणसे काय करतात, याबद्दल त्याच्याकडे चार शब्दही नसत. आपला नकाशा देवांचा, बाजारांचा आणि कज्ज्यांचा. शहर म्हणून शहर त्यात कधी नव्हतेच.

शहराला जे गेले ते पाहायला गेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावातली काही घरे मुंबई-पुण्याला गेली. मी तेव्हा पोरसवदा होतो. वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. जे गेले त्यांच्याबद्दल गावात "ती मुंबईला गेली" एवढेच बोलले जाई. "त्यांनी मुंबई पाहिली" असे कोणी म्हणत नसे. जगायला जाणे वेगळे आणि पाहायला जाणे वेगळे, हे न शिकवताच आम्हाला कळत होते.

आपण का जात नाही, याचे उत्तर प्रत्येक घरी एकच आहे. दावणीची जनावरे सुट्टी घेत नाहीत. धार सकाळीही काढायची असते आणि संध्याकाळीही. पाण्याची पाळी रात्री दोनला येते. हातात पैसा असतो तेव्हा काम असते, आणि काम नसते तेव्हा पैसा नसतो. ही कारणे खोटी नाहीत. पण सदुसष्ट वर्षे तीच कारणे सांगत आलो, हे काही त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

खरी गंमत पुढेच आहे. आमचे गाव मोहोळ तालुक्यातले, रेल्वेलाइनच्या अंगचे. ही लाइन आजकालची नव्हे. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरजवळ मद्रासकडच्या लाइनला मिळाली. तेव्हापासून मुंबई आणि मद्रास यांच्यामधली माणसे आमच्या शिवारातून जात आहेत. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी येथून जाते. हैदराबादची जाते. बेंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस जाते. रात्री अकराच्या सुमाराला सोलापूरहून मुंबईला निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस जाते, तेव्हा आमच्याकडे निजानीज झालेली असते. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही धावू लागली. ती सोलापूरहून मुंबईला साडेसहा तासांच्या आसपास पोचते. म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई ही सगळी आमच्या बांधावरून रोज जातात. आम्ही बैलगाडी थांबवून फाटकापाशी उभे असतो. फाटक उघडले की घरी जातो.

हे सगळे मी रात्री जेवताना कारभारणीला सांगितले. मला वाटले ती हसेल. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली,

"मुंबईचं राहू द्या. मी सोलापूर तरी कुठं बघितलंय?"

"अगं, सोलापूर तू किती वेळा गेलीस!"

"किती वेळा? मोजा बरं."

आम्ही मोजले. बेचाळीस वर्षांच्या संसारात सहा वेळा. एकदा थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. एकदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, तीही गर्दीत पोरांचे हात धरून. उरलेल्या चार खेपा दवाखान्याच्या. त्यातली पहिली लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. तेव्हा आमचा पहिला मुलगा सात महिन्यांचा होता. जाताना तो तिच्या मांडीवर होता, येताना नव्हता.

"मला सोलापूर म्हणजे फिनेलचा वास," ती म्हणाली. "दुसरं काय आठवत नाही."

माझे शहर तिच्यापेक्षा जरा मोठे होते. त्यात बाजार समिती, कोर्ट, बी-बियाणांची दुकाने आणि बँक होती. पण मलाही त्यापलीकडे काही सांगता येईना. काखेत कळसा अन्‌ गावाला वळसा म्हणतात, तसे झाले होते. मुंबई पाहिली नाही म्हणून मी हळहळत होतो, आणि तासाभराच्या वाटेवरचे साडेनऊ लाख वस्तीचे शहर आम्ही दोघांनीही पाहिलेले नव्हते.

ज्वारीची काढणी-मळणी झाली, कडब्याची गंज लागली, आणि फाल्गुनात एका मंगळवारी आम्ही निघालो. धारा काढायचे सुनेने अंगावर घेतले. ती म्हणाली, "दोन दिवस जावा. एक दिवसात काय होतंय?" फाट्यावर शेजाऱ्याने विचारले, "कुठं निघालाव? दवाखान्यात का?" मी म्हणालो, "नाही, सोलापूर बघायला." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

एस.टी.त दोघांना अर्धे-अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मेच भाडे पडते, आणि पासष्ट वर्षांवरच्या माणसांनाही तशीच सवलत आहे. दोघांत मिळून एक तिकीट झाले. कारभारीण म्हणाली, "म्हणजे मला तुम्ही फुकटच नेलं की."

उतरल्यावर रिक्षात बसताना ती रिक्षावाल्याला म्हणाली, "त्या दवाखान्याच्या रस्त्यानं नको." त्याला काही कळले नाही. मला कळले. मी त्याला तळ्याकडून घ्यायला सांगितले.

सिद्धेश्वराच्या देवळाला चहूकडून पाणी आहे. गड्ड्याच्या गर्दीत ते नीट दिसत नाही. आज देवळाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ते सावकाश पाहिले. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले संत. त्यांनी गावाच्या भोवती अडुसष्ट लिंगे स्थापली हे सगळे सांगतात. पण त्यांचे मोठे काम म्हणजे हे तळे, असे मला शेतकरी म्हणून वाटले. आपल्या या कमी पावसाच्या मुलुखात ज्या साधूने आधी माणसांना कुदळ धरायला लावली आणि पाणी अडवले, तो आपला माणूस. आपण आज पाणलोटाच्या गोष्टी करतो. त्याला आठशे वर्षांहून अधिक काळ लोटला.

कारभारणीला अक्षता सोहळ्याची गोष्ट हवी होती. ती एका म्हाताऱ्या पुजाऱ्याने सांगितली. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला. ते तर योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. संक्रांतीच्या वेळी उंच नंदीध्वज निघतात आणि अक्षता पडतात, त्या या लग्नाच्या. कारभारीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरीचं नाव कुणी घेत नाही. पण दरसाल लग्न मात्र तिचंच लागतंय."

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. त्याची दुहेरी तटबंदी आणि जुने बुरूज पाहत आम्ही चार हुतात्मा चौकात आलो. या चौकातून मी शंभर वेळा गेलो असेन, पण पुतळ्यांकडे मान वर करून कधी पाहिले नव्हते. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. गोळीबार झाला, इंग्रजांचे अंमलदार शहर सोडून गेले आणि काही दिवस या शहराचा कारभार लोकांनीच पाहिला. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांवर खटला होऊन १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याला फाशी दिले. ही चार नावे मोठ्याने वाचून पाहा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. आपल्या गावात वाडे वेगळे, पाणवठे वेगळे, आळ्या वेगळ्या. शहर म्हणजे उंच इमारती असे मी समजत होतो. शहर म्हणजे अशी चार नावे एका दगडावर येणे, हे त्या चौकात मला कळले.

तेथून डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरी गेलो. ते घर आता स्मारक आहे. कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले. मुंबईला डॉक्टरकी शिकले. १९३८ मध्ये चीन जपानशी लढत होता, तेव्हा भारतातून पाच डॉक्टरांचे पथक तिकडे गेले. त्यात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिकडेच वारले. तेव्हा वय अवघे बत्तीस. शांताराम बापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर बोलपट काढला. मी कारभारणीला सांगत होतो, की बघ, सोलापूरचा मुलगा चीनपर्यंत गेला आणि आपण... पण ती ऐकत नव्हती. ती त्यांच्या तरुणपणाच्या फोटोपुढे उभी होती.

"हे घर सोडून गेला तो परत आलाच नाही का?"

"नाही."

"मग त्याच्या आईला चीन म्हणजे काय वाटत असंल?"

याला मी काय उत्तर देणार!

दुपारी आम्ही शहराच्या पूर्वेकडे गेलो. तिकडे गेलात की कान आधी जागे होतात. खटक-खटक, खटक-खटक असा यंत्रमागांचा आवाज घराघरांतून येत असतो, आणि कानावर तेलुगू पडते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. त्यांच्या कैक पिढ्या येथे गेल्या. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी एकाच चौकात ऐकू येतात. हे शहर एके काळी गिरण्यांचे होते. पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमाराला सुरू झाली. तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मग आणखी निघाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी माणसे गिरणीच्या भोंग्यावर उठली आणि निजली. माझा चुलता त्यातलाच. आता त्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागी भिंती आणि आठवणी उरल्या. यंत्रमाग मात्र चालू आहेत.

एका कारखान्याच्या मालकाने आम्हाला आत बोलावून चादर विणताना दाखवली. मागाच्या वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत होती. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांवरून ठरते आणि त्यातून नक्षी उतरते. मोरपिसाची नक्षी बोटभर-बोटभर पुढे सरकताना आम्ही पाहिली. सोलापुरी चादरीला आता भौगोलिक मानांकन आहे; तिचे नाव दुसऱ्या गावच्या मालाला कायद्याने लावता येत नाही. आमच्या घरात पंचवीस वर्षे ही चादर अंथरली जाते. ती कशी होते, हे आज कळले.

बाहेर आलो तर शेजारच्या घराच्या ओट्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. वय चाळीसच्या आतबाहेर. कारभारीण नुसतीच बघत उभी राहिली.

"अक्का, उन्हात का उभ्या? बसा की," ती म्हणाली.

बसलो. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, तंबाखू भरायची, गुंडाळी करायची, टोक मुडपायचे, दोरा बांधायचा. बोलता बोलता तिची बोटे एवढे सगळे करत होती, आणि डोळे आमच्याकडे. "हात चालला तर दिवसाला हजार होतात," ती म्हणाली. "चौदाव्या वर्षापासनं वळते." सोलापुरात अशा हजारो बाया आहेत. कुंभारीजवळच्या रे नगरात कामगारांसाठी पंधरा हजार घरे बांधून झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ती दिली गेली. तिच्या बहिणीला त्यात घर मिळाले, हे तिने मोठ्या आनंदाने सांगितले. दाराशी पिंपे ओळीने मांडलेली होती. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येण्यात तिची कित्येक वर्षे गेली होती. मला वाटे, पाण्याची पाळी आपल्यालाच असते.

जेवायची वेळ झाली होती. कारभारणीने गठुडे सोडले. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. त्या बाईलाही वाढले. तिने भाकरी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"ही तुमच्या शेतातली?"

"हो. मालदांडी."

मालदांडी ३५-१ हे वाण आमच्याच मोहोळच्या केंद्रात निवडलेले, ही बढाई मी तेवढ्यात मारून घेतली. तिचे लक्ष भाकरीकडे होते. ती म्हणाली,

"अक्का, माझा जन्म इथलाच. रोज भाकरी खाते. पण ज्वारी रानात उभी कशी असते, ती हात लावून कधी बघितली नाही. बसमधून दिसते तेवढीच. हुरड्याला लोक जातात, पण ती पैसेवाली. मी गावाला जायचं म्हणजे कुणी मेलं तर."

कारभारीण तिच्याकडे बघत राहिली. आपण ज्या कारणांसाठी शहरात जातो, तसल्याच कारणांसाठी ही गावाला जात होती. एक दवाखान्यापुरते सोलापूर जाणणारी, दुसरी मयतीपुरते गाव जाणणारी. मध्ये अंतर पस्तीसेक किलोमीटरचे.

"पौषात ये," कारभारीण म्हणाली. "पोरींना घेऊन ये. हुरडा खायला." आणि तिने मला खिशातला कागद काढून गावाचे नाव व फोन लिहून द्यायला लावले.

निघताना कोपऱ्यावरच्या दुकानात कडक भाकरी पुड्यांत बांधून विकायला ठेवलेली दिसली. कारभारीण खूप हसली. "आपण शिळी होऊ नये म्हणून वाळवतो, अन्‌ हे विकतात!" पण नातवंडांसाठी तिने दोन पुडे घेतलेच.

संध्याकाळी रिक्षात बसल्यावर ती आपणहून म्हणाली, "आता त्या रस्त्यानं घ्या."

आम्ही दवाखान्यासमोर उतरलो. इमारत नवी झाली आहे. समोरचा कडुलिंब तेवढा होता तसा आहे. त्याच्याखाली बाया-माणसे गठुडी घेऊन बसली होती, अगदी आम्ही बसलो होतो तशी. एका तरुण पोरीच्या मांडीवर तान्हे मूल होते आणि ते चांगले रडत होते. कारभारीण तिच्यापाशी गेली, कुठली म्हणून विचारले, आणि एक पुडा तिच्या हातात दिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "चला." थोडे पुढे गेल्यावर ती म्हणाली, "एवढंच सोलापूर होतं माझं. आता जरा जास्त झालं."

रात्री भाचीकडे मुक्काम केला. जेवून आम्ही स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मचे तिकीट काढले आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस उभी होती तिच्या शेजारून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. डब्यांवर मुंबईचे नाव होते. कारभारणीने एका डब्याला हात लावून पाहिला. शिवारातून ती गाडी नुसती उजेडाची रेघ दिसते. जवळून पाहिले तर आत आपल्यासारखीच माणसे. कोणी डबा सोडून जेवत होते, कोणी पोराला झोपवत होते. साडेदहा वाजून गेल्यावर गाडी हलली. आणखी थोड्या वेळाने ती आमच्या फाटकावरून जाणार होती, आणि फाटकापाशी त्या दिवशी आम्ही नव्हतो.

वाचक हो, मी काही फार मोठा प्रवास केला नाही. दोन दिवस, एक तालुका ओलांडून. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोठी शहरे पाहिली नाहीत याची लाज वाटायला नको, आणि त्याचा अभिमानही नको. घरची गाय आणि रानातले पाणी सोडून जाणे सोपे नाही. परंतु जवळच्या शहरात आपण नेहमी अडलेले म्हणून जातो. हातात अर्ज, पावती नाहीतर औषधाची चिठ्ठी घेऊन. एकदा काहीही काम न घेता जा. सुगी झाल्यावर जा. घरातल्या बाईला बरोबर न्या, आणि तिने आजवर ते शहर किती वेळा आणि कशासाठी पाहिले, हे जाण्यापूर्वी तिला विचारा. माझ्या घरी ते विचारायला बेचाळीस वर्षे लागली.

यंदा पौषात ती बाई खरेच आली. बरोबर दोन्ही मुली. आगटी पेटवली, कणसे भाजली, सुनेने हुरडा चोळून दिला. ती मात्र आधी ज्वारीच्या रानात शिरली. ताटे तिच्या डोक्यापेक्षा उंच. एक कणीस खाली वाकवून ती दाणे बोटांनी चाचपत राहिली. दिवसाला हजार विड्या वळणारी ती बोटे त्या कणसावर अगदी हळू फिरत होती. कारभारीण तिच्या शेजारी उभी राहून कुठला दाणा हुरड्याचा आणि कुठला निबर, ते दाखवत होती.

तेवढ्यात फाटकाकडून गाडीचा आवाज आला. पोरी बांधावर धावल्या.

"अक्का, ही कुठली गाडी?" तिने विचारले.

"दिल्लीची," कारभारीण म्हणाली. "तिकडं जायचं राहिलंय अजून. आधी मुंबई करू. तू येतीस का बरोबर?"